शेलमधील विकल्प : जुनी वहिवाट आणि नवी सोय

संस्कृत व्याकरणाचा थोडाबहुत अभ्यास ज्याने केला आहे, त्यास ‘विकल्पाने’ हा शब्द चांगला परिचयाचा असतो. अमुक रूप होते आणि विकल्पाने तमुक रूपही होते, असे आपण पाठ केलेले असते. परंतु या दोहोंपैकी आधी कोणते घ्यावे, हे विचारण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. पाणिनीने विकल्प सांगताना ‘वा’, ‘विभाषा’ आणि ‘अन्यतरस्याम्’ असे निरनिराळे शब्द योजिले आहेत. टीकाकारांच्या परंपरेने ते समानार्थी मानले. पॉल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञाने मात्र १९७९ साली पुणे विद्यापीठाच्या संस्कृत प्रगत अध्ययन केंद्राच्या मालेत प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, ‘वा’ म्हणजे बहुधा करावे, ‘विभाषा’ म्हणजे बहुधा करू नये, आणि ‘अन्यतरस्याम्’ म्हणजे दोन्ही सारखेच. हे मत सर्व पंडितांस पटले आहे असे नव्हे. परंतु विकल्प आहे एवढे सांगून भागत नाही, न सांगता काय होते तेही ठरवावे लागते, हा त्यातील मुद्दा आजच्या विषयास फार उपयोगी पडणारा आहे.

योगायोग असा की, त्याच १९७९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतून यूनिक्स या संगणक-व्यवस्थेची सातवी आवृत्ती बाहेर पडली आणि तिच्याबरोबर स्टीफन बोर्न यांचे ‘शेल’ जगापुढे आले. शेल म्हणजे टरफल. बदामाच्या आत जसा गर असतो, तसा संगणकाच्या व्यवस्थेचा गाभा आत असतो. इंग्रजीत त्यास ‘कर्नल’ म्हणजे गर असेच म्हणतात. मनुष्याचा त्या गराशी थेट संबंध येत नाही. तो काळ्या पडद्यावर एक ओळ टंकतो, ती ओळ शेल वाचते, तिचा अर्थ लाविते आणि गाभ्याकडून काम करून घेते. म्हणजे शेल हा एक दुभाषा होय. आता दुभाषा कितीही प्रामाणिक असला, तरी संदिग्ध जागी त्यास काही एक पक्ष घ्यावाच लागतो. तो पक्ष कोणता घ्यावा, हे आधी सांगून ठेवण्याची जी सोय, तिचेच नाव विकल्प, म्हणजेच ‘ऑप्शन’. आम्हा मढच्या रहिवाशांस ही गोष्ट सांगावी लागत नाही. वेसाव्यास जावयाचे म्हणजे होडीने खाडी ओलांडावयाची, हे गृहीतच असते. मार्व्यावरून मालाडमार्गे मोठा वळसा घालून जाण्याचा विकल्प आहे, पण तो ज्यास हवा असेल त्याने तसे मुद्दाम सांगावे लागते.

शेल ही कल्पना यूनिक्सहून जुनी आहे. लुई पुझँ नावाचे फ्रेंच गृहस्थ १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठात होते. तेथील सामायिक संगणकावर अनेक आज्ञा एका फाईलीत लिहून ठेवाव्यात आणि त्या ओळीने चालवाव्यात, यासाठी त्यांनी ‘रनकॉम’ नावाची आज्ञावली रचली. पुढे मल्टिक्स या मोठ्या व्यवस्थेची आखणी चालू असता ‘शेल’ हा शब्दही त्यांनीच सुचविला. आज शेलच्या सेटिंगच्या फाईलींची नावे ‘आरसी’ या दोन अक्षरांनी संपतात. ती त्या रनकॉमचीच आद्याक्षरे होत. लक्षावधी लोक ती रोज टंकतात, पण त्यांचे मूळ फार थोड्यांस ठाऊक असते.

केन थॉम्प्सन यांनी १९७१ च्या पहिल्या यूनिक्ससाठी लिहिलेली शेल अगदी लहान होती आणि तीत खटक्यांचा असा पसारा नव्हता. बोर्न यांनी मात्र ‘सेट’ ही आज्ञा देऊन तिच्यापुढे एकेक अक्षर लिहिण्याची योजना केली. ‘ई’ म्हटले म्हणजे एखादी आज्ञा फसताच पुढे न जाता थांबावे. ‘यू’ म्हटले म्हणजे ज्या नावास कधी मूल्यच दिले नाही, ते नाव वापरल्यास चूक समजावी. ‘एक्स’ म्हटले म्हणजे प्रत्येक आज्ञा चालविण्यापूर्वी ती पडद्यावर दाखवावी. या अक्षरांपूर्वी उणेचे चिन्ह लिहिले म्हणजे खटका चालू होतो. आणि पुढच्या आवृत्त्यांत खटका बंद करण्यासाठी जे चिन्ह आले, ते अधिकाचे! उणे म्हणजे चालू आणि अधिक म्हणजे बंद. गणित शिकविणाऱ्यास हे उलटे वाटावे यात नवल नाही. पण त्याचे कारण सरळ आहे. आज्ञेपुढील सूचना उणेच्या चिन्हाने लिहिण्याची वहिवाट आधीच पडून गेली होती. तेव्हा उलट करण्यास राहिले ते अधिकाचेच चिन्ह.

याच सुमारास पश्चिम किनाऱ्यावर, बर्कली येथील विद्यापीठात, बिल जॉय नावाचा विद्यार्थी दुसरी एक शेल रचीत होता. तिचे नाव सी शेल. एकेका अक्षराऐवजी पुऱ्या शब्दांनी खटक्यांस नावे देण्याची चाल तीत दिसते, आणि तीतील एका खटक्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. त्याचे नाव ‘नोक्लॉबर’.

समजा, दहावीच्या वर्गाच्या गुणांची यादी एका फाईलीत आहे. शेलमध्ये एखाद्या आज्ञेचे उत्तर फाईलीत पाठविण्यासाठी बीजगणितातले ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह लिहितात. ती फाईल नसेल तर नवी होते. असेल तर? आधीचा सर्व मजकूर पुसला जातो आणि त्या जागी नवा येतो. शेल एका शब्दाने विचारीत नाही. हेच चिन्ह दोनदा लिहिले असते, तर नवा मजकूर जुन्याच्या खाली जोडला गेला असता. एका चिन्हाच्या फरकाने वर्षभराची यादी नाहीशी होते. नोक्लॉबर हा खटका चालू असला, म्हणजे असलेल्या फाईलीवर असे लिहिण्यास शेल नकार देते. खरोखरच पुसावयाची असेल, तर सी शेलमध्ये त्या चिन्हापुढे उद्गारचिन्ह द्यावे लागते. डेव्हिड कॉर्न यांच्या शेलमध्ये आणि पुढील बहुतेकांत उभा दंड द्यावा लागतो. म्हणजे पुसण्यास मनाई नाही. पुसणाऱ्याने मी जाणूनबुजून पुसतो आहे, एवढे बोलून दाखवावे, इतकीच अपेक्षा आहे.

इतका हितकारक खटका मुळातच चालू का ठेविला नाही? किपार्स्कींच्या भाषेत सांगावयाचे तर तो ‘वा’ न होता ‘विभाषा’ का झाला? याचे उत्तर आळस नव्हे. दररोज रात्री त्याच नावाच्या फाईलीत त्या दिवसाचा हिशेब लिहिणारी एखादी स्क्रिप्ट घ्या. जुनी फाईल पुसली जाणार हे गृहीत धरूनच ती लिहिलेली असते. खटका आपोआप चालू झाला, तर ती दुसऱ्याच रात्री अडेल. आणि ती लिहिणारा मनुष्य कदाचित नोकरी सोडूनही गेलेला असेल. यूनिक्स जिथे जिथे गेले, तिथे अशा स्क्रिप्ट साचत गेल्या. म्हणून शेल सुधारणाऱ्यापुढे नेहमी एकच पेच उभा राहतो. नवे वागणे अधिक चांगले आहे हे त्यास दिसते. पण जुन्या वागण्यावर विसंबून लिहिलेले कागद जगभर पसरलेले असतात. तेव्हा तो नवे वागणे देतो, परंतु खटका बंद ठेवून देतो. शेलच्या विकल्पांची लांबलचक यादी ही अशा तडजोडींची वहीच आहे, असे मला वाटते.

या तडजोडींचे साहित्य आपल्या दाराशीही लवकरच येऊन पोहोचले होते. मढच्या जेट्टीवरून खाडी ओलांडली की वेसावे, आणि तेथून किनाऱ्याने दक्षिणेस गेले की जुहू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत वाढलेल्या एका केंद्रातून १९८५ साली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही स्वतंत्र संस्था झाली. तिचे आवार जुहूस होते. भारतातील शिक्षणसंस्थांना जोडणारे ‘अर्नेट’ हे जाळे १९८६–८७ मध्ये सुरू झाले, त्यात ही संस्था आणि पवईची आयआयटी या दोन्ही होत्या. आरंभी त्या जाळ्यावर दूरध्वनीच्या तारांवरून चालणारे टपाल तेवढे होते, आणि ते ज्या पद्धतीने चाले तिच्या नावाचाच अर्थ ‘यूनिक्सवरून यूनिक्सवर प्रत’ असा आहे. हीही बेल प्रयोगशाळेची निर्मिती, आणि सातव्या आवृत्तीबरोबरच सर्वत्र पसरलेली. दिल्ली आणि मुंबई यांच्यामध्ये स्वतंत्र तार आली ती जानेवारी १९९१ मध्ये. जुहूची ही संस्था २००३ साली प्रगत संगणन विकास केंद्रात, म्हणजे पुण्याच्या ‘सी-डॅक’मध्ये, विलीन झाली.

शेलांची संख्या वाढू लागली तसा गोंधळही वाढला. १९९२ साली ‘पॉसिक्स’ या नावाने शेलचे प्रमाण ठरविण्यात आले. त्यात कॉर्न यांच्या शेलमधील पद्धतीप्रमाणे ‘सेट’पुढे खटक्याचे पुरे नाव लिहिण्यास मान्यता मिळाली आणि नोक्लॉबरही प्रमाणात दाखल झाला. याच्या तीन वर्षे आधी, १९८९ मध्ये, ब्रायन फॉक्स यांनी मुक्त सॉफ्टवेअर चळवळीसाठी ‘बॅश’ ही शेल प्रसिद्ध केली होती. तिचे नाव हा एक इंग्रजी श्लेष आहे: पुन्हा जन्मलेली बोर्न. आपण तिला द्विज म्हणावयास हरकत नाही. आज लिनक्सच्या बहुतेक वितरणांत माणसासमोर येते ती हीच.

या द्विज शेलमध्ये खटक्यांचे दोन कप्पे आहेत. वाडवडिलांकडून आलेले आणि प्रमाणात बसणारे खटके ‘सेट’च्या कप्प्यात, बॅशने स्वतः काढलेले ‘शॉप्ट’ या कप्प्यात. हा दुसरा कप्पा १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत आला आणि आज त्यात पन्नासाहून अधिक खटके आहेत. त्यांतील काही केवळ सोयीचे आहेत. ‘सीडीस्पेल’ हा फोल्डरच्या नावातील बारीकसारीक अशुद्धलेखन आपण होऊन सुधारतो; ‘ऑटोसीडी’ चालू असता फोल्डरचे नुसते नाव लिहिले तरी आपण आत जातो. ‘हिस्टअपेंड’ मात्र नुसत्या सोयीचा नाही. बॅश आपण दिलेल्या आज्ञांची रोजनिशी ठेविते. दोन खिडक्या उघड्या असल्या, तर मूळ वागण्यात मागाहून बंद होणारी खिडकी रोजनिशीची फाईल नव्याने लिहिते आणि आधी बंद झालेल्या खिडकीतील नोंदी नाहीशा होतात. हा खटका चालू केला म्हणजे नोंदी एकाखाली एक जोडल्या जातात. डेबियन या वितरणात नव्या वापरणाऱ्यास जी सेटिंगची फाईल मिळते, तीत तो चालूच करून दिलेला असतो. शेलचे मूळ वागणे जुनेच राहिले, आणि वाटणाऱ्याने तिच्यावर आपली शिफारस ठेविली.

याच कप्प्यात ‘कम्पॅट’ या नावाने आरंभ होणारे आणि पुढे आकडे असलेले काही खटके आहेत. त्यांपैकी एखादा चालू केला, म्हणजे काही ठराविक बाबतींत बॅश आपल्याच जुन्या आवृत्तीप्रमाणे वागू लागते. नव्या शेलने आपले बालपण आठवून तसे वागावे, यासाठी केलेला विकल्प! याहून बोलका पुरावा शोधण्याचे कारण नाही.

एवढे सगळे वाचून कोणी म्हणेल की, हा सूक्ष्म तपशील हौशी लोकांसाठी ठीक आहे. सामान्य घरास त्याचे काय? जानेवारी २०१५ मध्ये एक प्रकरण उघडकीस आले, ते पाहावे. स्टीम नावाचे खेळांचे दुकान आहे. लिनक्सवर ते सुरू करण्यासाठी एक स्क्रिप्ट असे. ती स्क्रिप्ट आपण कोणत्या फोल्डरात आहोत हे शोधून तो पत्ता एका नावाखाली ठेवी, आणि एका प्रसंगी त्या पत्त्याखालील सर्व काही पुसून टाकी. पत्ता सापडला नाही तर काय, याचा विचार झाला नव्हता. एका वापरणाऱ्याच्या संगणकावर पत्ता सापडला नाही, नाव रिकामे राहिले, आणि रिकाम्या नावापुढील तिरकी रेघ तेवढी उरली. यूनिक्सच्या भाषेत नुसती तिरकी रेघ म्हणजे संपूर्ण संगणकाचे मूळ. ज्या ज्या फाईली पुसण्याचा त्या मनुष्यास अधिकार होता, त्या साऱ्या गेल्या. जोडलेल्या दुसऱ्या डिस्कवरील प्रतही सुटली नाही. ज्याने ती ओळ लिहिली, त्याने शेजारी ‘ही ओळ भयावह आहे’ अशा अर्थाचा शेरा स्वतःच मारून ठेविला होता.

येथे १९७९ चे दोन खटके आठवावे. ‘यू’ने त्या मनुष्यास वाचविले नसते, कारण नावास मूल्य दिलेले होते, ते मूल्य फक्त रिकामे होते. ‘ई’ने मात्र वाचविले असते. पत्ता शोधण्याची आज्ञा फसली त्याच ओळीवर स्क्रिप्ट थांबली असती. म्हणून कोणता खटका कशापासून राखतो, हे नेमके जाणले पाहिजे; मंत्र म्हटल्यासारखी तिन्ही अक्षरे स्क्रिप्टच्या माथ्यावर लिहिण्याची जी चाल आज दिसते, ती अर्धीच उपयोगाची. ‘ई’लाही अपवाद आहेतच. ‘जर’च्या अटीत एखादी आज्ञा फसली तर तो स्वस्थ राहतो, आणि राहिलाच पाहिजे, कारण अट म्हणजे प्रश्न, आणि प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले म्हणून कोणी काम टाकून उठत नाही.

खटके कोठे लिहावयाचे, यातही एक शहाणपण दडलेले आहे. बॅशमध्ये घरगुती खटके ‘बॅशआरसी’ या फाईलीत लिहितात. माणसासमोर बसलेली शेल ती वाचते. स्क्रिप्ट चालविणारी शेल सहसा वाचीत नाही. त्यामुळे आपण घरी नोक्लॉबर लावला, तरी रात्रीच्या हिशेबाची जुनी स्क्रिप्ट अडत नाही. घरचा आचार घरापुरता, आणि दस्तऐवजाची भाषा दस्तऐवजात लिहिली असेल तीच. माझे स्पष्ट मत असे की, संगणक नव्याने शिकणाऱ्या मुलाच्या घरगुती फाईलीत नोक्लॉबर शिक्षकाने पहिल्या दिवशीच लिहून द्यावा. मात्र उत्साहाच्या भरात ‘ई’ हा खटका तेथे लिहू नये; पहिलीच आज्ञा चुकताच शेल आपला कारभार आटोपते आणि खिडकी मिटून जाते. मुलाने एक अक्षर चुकविले म्हणून त्यास वर्गाबाहेर घालविण्यासारखे ते होईल.

परंतु घरचा आचार घरापुरता राहिला, की परक्या घरी पंचाईत होते. २०१९ साली ॲपल कंपनीने आपल्या संगणकांवर नव्या खात्यांसाठी बॅशच्या जागी ‘झेडशेल’ आणली. ही पॉल फॉल्स्टॅड यांनी १९९० मध्ये, प्रिन्स्टन येथे विद्यार्थी असता लिहिलेली. तिच्यात दीडशेहून अधिक खटके आहेत. फुलीच्या चिन्हाने फाईलींची नावे मागितली आणि तशी एकही फाईल नसली, तर बॅश ते फुलीचे चिन्ह जसेच्या तसे पुढे पाठविते; झेडशेल चूक दाखवून थांबते. दोन्ही शेलांना खटक्याने एकमेकींसारखे वागावयास लावता येते. परंतु पुस्तकात छापलेली आज्ञा एका मुलाच्या संगणकावर चालते आणि शेजारच्यावर चालत नाही. आणि कारण ज्या फाईलीत असते, ती फाईल नावाच्या आरंभी टिंब असल्यामुळे सहसा दिसतही नाही.

या सर्व प्रकारास कंटाळून ॲक्सेल लिल्येनक्रांत्स यांनी २००५ मध्ये ‘फिश’ ही शेल काढली. त्यांचा सिद्धांत असा की, प्रत्येक विकल्प म्हणजे आज्ञावली रचणाऱ्याने निर्णय टाळल्याची कबुली होय. तेव्हा विकल्प शक्य तितके कमी ठेवावेत. विचार सुंदर आहे. पण फिशने जुन्या बोर्न शेलच्या भाषेशी नातेच ठेविले नाही. जुने कागद वाचण्याची जबाबदारी ज्याने घेतली नाही, त्यास विकल्पांची गरजही कमी लागावी हे ओघानेच आले. बॅशने ती जबाबदारी पत्करली आहे.

आता जाता जाता आपल्या लिपीविषयी. फाईलींची नावे आज देवनागरीत ठेविता येतात. सी-डॅकने डेबियनवर उभारलेल्या ‘बॉस’ या भारतीय लिनक्समध्ये मराठीचीही सोय केलेली आहे. शेलमध्ये प्रश्नचिन्ह लिहिले म्हणजे ‘कोणतेही एक अक्षर’ असा अर्थ होतो. परंतु एक अक्षर म्हणजे काय? बॅशने एकाहून अधिक बाइटांची अक्षरे ओळखण्यास आरंभ केला तो २००२ साली. युनिकोडच्या आज रूढ असलेल्या साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. म्हणून ‘मढ’ हे नाव जुन्या शेलला सहा अक्षरांचे वाटे आणि नवीस दोन अक्षरांचे वाटते. येथवर ठीक झाले. पण नवी शेल काना आणि मात्रा यांनाही स्वतंत्र अक्षरे मोजते. पहिलीतल्या मुलास ‘वेसावे’ या शब्दात किती अक्षरे असे विचारले, तर तो तीन म्हणून सांगेल. शेल सहा मोजते: व, मात्रा, स, काना, व, मात्रा. ही मोजणी भाषा आणि लिपी यांच्या सेटिंगवरून ठरते. आणि मराठी मुलाप्रमाणे मोज असे सांगणारा खटका बॅशच्या दोन्ही कप्प्यांत नाही. तोपर्यंत प्रश्नचिन्हांनी फाईल शोधणाऱ्याने मढसाठी दोन आणि पलीकडच्या काठासाठी सहा प्रश्नचिन्हे लिहावीत.